निळ्या कापडातली अकरा पानं

आमच्या ताईला कुणी विचारलं, तू शिक्षिका का नाही झालीस, की ती चष्मा काढून पुसते आणि म्हणते, "ते काम माझं करून झालंय." विचारणाऱ्याला वाटतं बाई थट्टा करतेय. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते, कुठल्या नळाच्या पाण्यात काय विरघळलंय ते शोधते, आणि घरी आली की कुणालाही काहीही शिकवायला साफ नकार देते. माझ्या मुलीला नुसतं घड्याळ वाचायला शिकव म्हटलं, तर म्हणाली, तुझी मुलगी आहे, तूच शिकव. दुसऱ्या कुणी असं तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याची चांगली हजेरी घेतली असती. ताईला मात्र नाही म्हणायचा हक्क आहे, आणि तो तिने कसा कमावला हे मला बाराव्या वर्षापासून ठाऊक आहे.

आम्ही पाच भावंडं. ताई थोरली, मग दादा, मग मी, आणि शेवटी जुळी. पाचही जण घरी शिकलो ते दादामुळे. बोलताना त्याची जीभ अडायची. पहिल्या इयत्तेत त्याच्या बाईंनी त्याला एक वाक्य पूर्ण होईपर्यंत उभं केलं आणि सगळ्या वर्गाला थांबायला लावलं. वाक्य काही पूर्ण झालं नाही. त्यानंतर महिनाभर तो घरातही बोलला नाही. आईने त्याला शाळेतून काढलं, आणि एकाला घरी ठेवून दुसरीला पाठवायचं हा दुजाभाव नको म्हणून ताईलाही काढलं. तेव्हा ताई आठ वर्षांची होती, मी चार वर्षांची आणि जुळी रांगत होती. आम्हा धाकट्यांना तर शाळेचं दार बाहेरूनच माहीत.

मामा तेव्हाच मुख्याध्यापक झाला होता. तो तावातावाने आला आणि आईला म्हणाला की पाच पोरांचं वाटोळं करशील. आईने त्याला चहा दिला, जिन्यापर्यंत सोडलं, आणि पुढची आठ वर्षं त्या दोघांचं बोलणं लग्नकार्याला आणि कुणी गेलं तर तेवढ्यापुरतंच उरलं. आमच्या घरातला प्रत्येक धडा म्हणजे मामाला दिलेलं उत्तर होतं. हे कुणी बोलायचं नाही, पण आम्हाला कळायचं.

बाबा पुस्तकांची बांधणी करत. रस्त्याकडची खोली त्यांची. तिथे पुस्तकं दाबून धरायचा लोखंडी चाकाचा दाब, लांब पात्याचं कटर, पुठ्ठ्यांच्या चळती आणि खळीचा वास. मागच्या खोलीत मोठं टेबल, तेच आमची शाळा आणि तेच जेवायची जागा. छापलेल्या मोठ्या कागदांना घड्या घातल्या की त्याचे फर्मे होतात. ते फर्मे आई दोऱ्याने शिवायची, सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान, तोंडाने आमचे पाढे. तिची सुई कधी चुकायची नाही आणि आमची चूक कधी सुटायची नाही.

वर्ष संपलं की बाबा प्रत्येकाची वर्षभरातली सगळी पानं गोळा करायचे, कडा ठोकून सारख्या करायचे आणि त्यांचा एक खंड बांधायचे. ताईचं कापड निळं, दादाचं किरमिजी, जुळ्यांचं हिरवं. मला लाल हवं होतं, लाल संपलंय असं सांगून मला पिवळ्यावर भागवलं, याचा राग माझ्या मनात अजून आहे. ते खंड टेबलामागच्या फळीवर ओळीने उभे असायचे. कुणी पाहुणा आला की आई त्यांच्यावरून हात फिरवून धूळ झाडायची. मुळात तिथे धूळ नसायचीच.

ताई बारा वर्षांची असताना बाबांचा उजवा खांदा धरला. दाबाचं चाक फिरवणं त्यांना जमेना. चाक आईकडे आलं, कटर आईकडे आलं, शिवण तर होतीच. दादाला रोज सकाळी तासभर मोठ्याने वाचायला लावणं तिने सोडलं नाही, कारण सगळा खटाटोपच मुळी त्याच्यासाठी होता. उरलो मी आणि जुळी. एका सकाळी आई दारातून ताईला म्हणाली, "धाकट्यांचं जरा बघ." ते जरा चार वर्षं चाललं.

आणि ताईने बघितलं हो. असं बघितलं की आम्हाला आईची आठवण येऊ नये. ती आदल्या दिवशी धडे लिहून काढायची, माझा वेगळा, जुळ्यांचा वेगळा, चित्रांसकट. मला राग लवकर येतो म्हणून माझ्या धड्यात सोपं गणित आधी असायचं. जुळ्यांपैकी एक ऐकतो आणि दुसरी नुसती मान हलवते हे आमच्या घरात सगळ्यांत आधी तिच्या लक्षात आलं. ती सगळी पानं तिच्या अक्षरातली, म्हणून वर्षअखेर तिच्या निळ्या खंडात जायची. ताईचा खंड सगळ्यांत जाड व्हायचा. आई तो हातात तोलून म्हणायची, हिच्यासारखा अभ्यास कुणाचा नाही. बाबा मान डोलवायचे. दुसऱ्यांची पुस्तकं बांधता बांधता त्यांना पानं फक्त मोजायची सवय लागली होती.

मी बारा वर्षांची झाले त्या वर्षी एका दुपारी मी पुस्तकात पुढे गेले. समीकरणांचा धडा होता. ताईला विचारलं, तिने पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि उद्या सांगते म्हणाली. दुसऱ्या दिवशी सांगितलंही. पण मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिला हे येत नव्हतं. जिथून तिने आमचं बघायला घेतलं तिथेच ती थांबली होती, आणि मी तिला गाठलं होतं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी त्या टेबलाभोवती नाचले. ताई बसून माझ्याकडे बघत राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "आईला सांगू नकोस. तिला आत्ता वेळ नाहीये."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. पण ही गोष्ट तीन महिने राहिली. दयेपोटी राहिली असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं तर ताईच्या पुढे असणं मला एकटीलाच ठेवून घ्यायचं होतं.

ताई सोळाची झाली आणि शालान्त परीक्षेचा अर्ज आला. शाळेत न जाता परीक्षेला बसणाऱ्यांना एका मुख्याध्यापकाची सही लागायची, आणि त्याने मुलाचा अभ्यास स्वतः पाहूनच ती करायची होती. मुख्याध्यापक काय, हवे तेवढे मिळाले असते. बाबांकडे दोन-तीन शाळांची पुस्तकं येत होती. आईला मात्र मामाचीच सही हवी होती. आठ वर्षं ती या एका सहीची वाट बघत होती. तिने त्याला चिठ्ठी पाठवली आणि टेबल घासून पुसून ठेवलं. ताई दोन दिवस नीट जेवली नाही. आई म्हणाली, परीक्षेचा ताण आहे, होतं असं.

मामा रविवारी सकाळी आला. आईने गेल्या चार वर्षांचे निळे चार खंड त्याच्यासमोर ठेवले आणि हात पुसत उभी राहिली. मामाने पहिला उघडला. तो घाईचा माणूस, पण त्या दिवशी त्याने एकेक पान उलटलं. चहा गार झाला. दुसरा खंड झाला, तिसरा झाला. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे होतो. मामाने चौथा खंड मिटला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"शिकवलंय फार सुंदर," तो म्हणाला. "हे धाकटीचे धडे आहेत, हे जुळ्यांचे. हिचं स्वतःचं कुठंय?"

आई हसली. तिला वाटलं हा मुद्दाम खोडी काढतोय. तिने खंड स्वतःकडे ओढला आणि पानं उलटायला लागली. अंगुस्तान बोटातच होतं, ते कागदावर घासल्याचा आवाज येत राहिला. ती थांबली, दुसरा खंड घेतला, पुन्हा उलटायला लागली. मग तिने ताईकडे बघितलं.

ताई म्हणाली, "अपूर्णांक मी दोनदा शिकवले, एकदा हिला, एकदा जुळ्यांना. हिची समीकरणं रोज थोडी आधी वाचून ठेवते. त्याच्यापुढे मला कुणी नेलं नाही." आणि आईचा चेहरा बघून तिने घाईने जोडलं, "तक्रार नाही गं. तुझ्या हातात सुई असायची."

मामा जिंकला होता. आठ वर्षांपूर्वीचं वाक्य त्याला तिथे पुन्हा म्हणता आलं असतं, आणि म्हणाला असता तर मी त्याला चावले असते. त्याने यंदा अर्ज भरू नका एवढंच सांगितलं, ताईच्या डोक्यावर हात ठेवला, आपला कप आपण विसळला आणि गेला.

त्या संध्याकाळी आई चाकाला हात न लावता टेबलाशी बसून राहिली. बाबा आतल्या खोलीत आले, खांदा धरून उभे राहिले आणि म्हणाले, "चारही वर्षं मी पानं मोजली. वाचली नाहीत." आई म्हणाली की आता दोन्ही कामं होणार नाहीत, दुकान बंद करू. बाबा म्हणाले, मग खायचं काय. दोघंही ओरडत नव्हते, आणि त्याचीच आम्हाला जास्त भीती वाटत होती.

तेव्हा दादा बोलायला लागला. 'शाळा' या शब्दातला पहिला श त्याला सगळ्यांत जड जायचा. आमच्या घराचा एक नियम होता, दादाचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही. आम्ही थांबलो. मला वाटतं, मी आयुष्यात इतका वेळ दुसऱ्या कशासाठी गप्प बसलेले नाही.

"शाळेत जातो मी," तो म्हणाला. "आम्ही सगळे जातो. आई ताईला द्या."

ज्याच्यासाठी हे घर शाळा झालं होतं, तोच ते सोडत होता. आईने तोंडावर पदर नाही घेतला, रडली नाही. ती उठून त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत राहिली, नीटच असलेली.

मी मात्र जाणार नाही म्हणून थयथयाट केला. आमची काय चूक, आम्हाला का हाकलता, असं बरंच काही. ताई मला शांत करायला उठली, ते मला सहन झालं नाही. मी सांगून टाकलं की मला तीन महिन्यांपासून माहीत होतं, आणि मी तिच्या पुढे गेले याचा मला आनंद झाला होता. कुणी मला मारलं नाही. आई एवढंच म्हणाली की सोमवारी लवकर उठायचं आहे.

आम्ही चौघं मामाच्या शाळेत गेलो. पहिल्या दिवशी मामा दादाच्या वर्गात जाऊन बसला आणि दादाने आपलं नाव सांगेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. त्याच आठवड्यात बाबांनी ते निळे चारही खंड उसवले. बांधलेलं पुस्तक उसवताना त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दुखऱ्या हाताने त्यांनी एकेक टाका कापला, पानं वेगळी केली, आणि ज्याच्यासाठी जे लिहिलं होतं ते त्याच्या खंडात शिवलं. म्हणून माझ्या पिवळ्या खंडांत आज निम्मं अक्षर ताईचं आहे. सगळ्यांचं देऊन झाल्यावर ताईची अशी अकरा पानं उरली. त्यांवर धडे नव्हते. आईला वेळ झाला की विचारायचे म्हणून तारखा घालून लिहून ठेवलेले प्रश्न होते. बाबांनी ती अकरा पानं निळ्या कापडात बांधून आईच्या हातात दिली. आम्हाला ती पाहायला मिळाली नाहीत.

दुसऱ्या सकाळी मी बुटांच्या नाड्या बांधत होते. टेबलाशी फक्त त्या दोघी होत्या, आणि आईच्या बोटात अंगुस्तान नव्हतं. पाण्यात मीठ विरघळलं की पाण्याची पातळी वाढते का, असा पहिला प्रश्न होता. आईने तो दोनदा वाचला.

"हा मला येत नाही," ती म्हणाली. "बाटली आण, दोघी बघू."

ताई अठराव्या वर्षी, दोन वर्षांनी लहान असलेल्या मुलांमध्ये बसून पास झाली. सही मामाचीच होती.

गेल्या वर्षी बाबा गेले. दुकान आवरताना दाबाखालच्या कप्प्यात मला तो निळा खंड सापडला. प्रत्येक प्रश्नाखाली आईच्या अक्षरात उत्तर होतं, कुठे बाटलीचं चित्र, कुठे खाडाखोड. शेवटच्या पानावर मात्र एकच प्रश्न होता आणि त्याच्याखाली आईने काही लिहिलं नव्हतं. तारीख मी टेबलाभोवती नाचले त्या दुपारची होती. ताईने लिहिलं होतं, "ती आता माझ्या पुढे जाईल. मग तिला कोण शिकवणार?"

पुठ्ठ्यांच्या चळतीवर बसून मी पोटभर रडले. त्या दुपारी ताई माझ्याकडे बघत बसली होती, ती मागे पडल्याची लाज वाटून, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.