सकाळी सहाची सही

अर्धांगवायूने बाबांचा उजवा हात आणि पाय गेला तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. जुन्या इंदूरमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली. जिना इतका अरुंद की बाबांना पाठीवर घेऊनच उतरवावं लागे. आई पाचलाच एका मेसमध्ये पोळ्या लाटायला निघून जायची. फुकट व्यायाम करून घेणारं केंद्र सकाळी सात ते नऊ एवढंच उघडं. डॉक्टर म्हणाले होते, पहिल्या वर्षात सुधारेल तेवढंच, नंतर आशा नाही. शेजाऱ्यांनी चार दिवस उतरवलं, पण रोज कोण उतरवणार? परीक्षा होईपर्यंत मी नेलं. मग नोकरी लागली, आणि मला सहाला कारखान्यात हजर राहावं लागलं.

सांवेर रोडवरचा औषधांचा कारखाना. मी कंत्राटी ऑपरेटर. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी; हे मी आजही छाती काढून सांगतो. काम काय, तर रात्रपाळीच्या मशीनांचे रिपोर्ट सर्व्हरवर कॉपी करायचे, बॅचप्रमाणे फोल्डरांत लावायचे आणि रजिस्टरमध्ये सही करायची. साडेसात व्हायचे. मग नऊपासून नेहमीची ड्युटी; मधल्या वेळात घरी जाऊन बाबांना नेऊन-आणून परत येणं जमण्यासारखं नव्हतं.

सर्व्हर लिनक्सचा होता. ठरवलं, हे काम आपोआप व्हायला पाहिजे, म्हणजे आपण बाबांना केंद्रात नेऊन-आणून नऊला येऊ. शेल स्क्रिप्ट म्हणजे रोज हाताने टाइप करायच्या कमांड एका फाइलीत ओळीने लिहून ठेवायच्या. कॉलेजात तेवढाच धडा सरांनी ‘इम्पॉर्टंट नहीं है’ म्हणून सोडला होता. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचून शिकलो.

“क्या भिया, आता हिला पोहे खायला पण शिकव,” शेजारचा ऑपरेटर म्हणायचा.

मी हाताने चालवली की स्क्रिप्ट चालायची. सहाची वेळ लावून ठेवली की काहीच व्हायचं नाही. दोन महिने असे गेले. बाबांची बोटं तळहाताकडे वळायला लागली. “झालं का रे तुझं?” ते रोज विचारायचे.

चूक साधी निघाली. फोल्डरचा पत्ता मी अर्धाच लिहिला होता. मी त्याच फोल्डरमध्ये बसून चालवायचो, म्हणून माझं भागायचं. ठरल्या वेळी सुरू होणारी स्क्रिप्ट भलतीकडूनच सुरू व्हायची. तिला पूर्ण पत्ता हवा होता. तो लिहिला. दुसऱ्या दिवशी पोचलो तर सगळे रिपोर्ट जागच्या जागी.

सुपरवायझर राजेंद्र नगरचे, मराठीच. खूश झाले. “भारी केलंस यार! पण सही?”

“सर, लॉग आहे ना. किती वाजता, किती फाइली, सगळं त्यात येतं.”

“ऑडिटवाले लॉग मानणार का? माणसाची सही लागते.”

“नऊला येऊन करतो.”

“सहाचं काम अन् नऊची सही? मरवशील भिया मला. तू येत जा, साडेसातपर्यंत इथंच आरामात बैस, चाय पी.”

नऊची सही चालावी म्हणून दोनदा अर्ज दिला. उत्तर नाही.

मी सहाला पोचतो. स्क्रीन बघतो, सही करतो आणि साडेसातपर्यंत नुसता बसून राहतो. डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष संपलं. बाबांचा हात उघडत नाही, आणि ते आता काही विचारतही नाहीत.

स्क्रिप्ट एकतीस ओळींची आहे. मी एकट्याने लिहिली. ती रोज चालते आणि आजवर एकदाही चुकलेली नाही.