वहाणेतला खडा

"चला, दादा गेला..." पणदऱ्याहून आलेला शेजारी बारामतीच्या बाजारात माझ्यापुढं उभा होता. माझ्या तोंडून आधी निघालं, "वहिनी कशी आहे?" ती स्वतःलाच दोष देत बसली असेल, याचाच घोर लागला.

दादा माझा थोरला भाऊ. वांगी-मिरच्यांचा मळा करायचा. गेलं वर्षभर कालव्याचा चढ चढताना त्याची छाती दाटायची, डाव्या हातात कळ उतरायची. पण गडी भलता हट्टी! खाली बसायचा अन् म्हणायचा, "वहाणेत खडा शिरलाय." कळ थांबली की चालू लागायचा.

घरात लपवता येईना, तेव्हा सगळ्यांनी निदान केलं, उसण भरलीय. आणि उसणीचं औषध घरातच! वहिनी पायाळू, जन्मतानाच पाय आधी आलेली. तिचा पाय पाठीला लागला की उसण जाते, म्हणून गाव तिच्या दारी यायचं. पण नवऱ्याला पाय लावायचा म्हणजे... ती आधी त्याच्या पाया पडायची, मग ओसरीवर पालथ्या निजलेल्या दादाच्या पाठीला टाच टेकवायची. कळ जायची. जाणारच की, माणूस निजला होता ना!

मी त्याला ओढतच डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "चालताना येते, बसल्यावर जाते, ती उसण नव्हे. हृदयाला रक्त कमी पडतंय. बसल्या जागी कळ आली, घाम फुटला, तर हलू नका, मला बोलवा."

दादा हसला. "वाईच उसण हाय, डाक्टर."

त्या सकाळी तो ओसरीवर बसल्या बसल्या घामानं निथळला. वहिनीनं पाय लावला. कळ हटेना. तिनं पुन्हा लावला...

"भावजी, म्याच लाथ मारली त्यास्नी," दहाव्याला ती म्हणाली. डॉक्टरांचं बोलणं मी पुन्हा सांगितलं. तुझ्या पायानं तो बरा होत नव्हता, अन् गेलाही नाही, म्हटलं. तिनं दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

परवा आम्ही मळ्यावर निघालो होतो. चढावर माझ्या पायाला काही टोचलं, म्हणून खाली बसलो. मागून वहिनी डोक्यावरची पाटी टाकून धावत आली.

"का बसलाव? छातीत दाटतंय?"

"न्हाय गं, वहाणेत खडा शिरलाय."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. वाकून तिनं माझी वहाण ओढून काढली, उलटी केली, दगडावर आपटली. पुन्हा आपटली. बारीकसा खडा घरंगळला, तेव्हा कुठं ती मटकन खाली बसली आणि तो खडा मुठीत धरून रडली.