न चिकटणारा कण

पुण्याचं नव्हे, कानडी मुलखातलं शिवाजीनगर; तिथल्या एका गल्लीत व्यंकोजींचं वर्कशॉप. झिजलेल्या शाफ्टवर, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्यावर, वितळलेल्या धातूचा फवारा मारून ते शाफ्ट पुन्हा कामाला लावायचे. त्यांची थोरली लेक हेमावती सरकारी प्रयोगशाळेत कॉम्प्युटरपुढं बसून तसलाच फवारा मारायची, आणि तोही धातू न वितळवता! तांब्याचे केसाहून बारीक कण बंदुकीच्या गोळीसारखे तांब्याच्याच पत्र्यावर आपटले, की नुसत्या वेगानंच बसतात. कुठल्या वेगाला बसतात, हे हिनं गणितानं दाखवायचं.

अठ्ठ्याण्णव साल होतं. हेमावती एम.एस्सी., चार वर्षं तिथं राबलेली, आणि नोकरी अजून कंत्राटीच. प्रयोगशाळेच्या समितीनं प्रकल्प वाढवला तर आणखी दोन वर्षं, नाहीतर एकतीस मार्चला घरी. तिचं कानडी मिसळलेलं ‘स्वल्प थांबा, सर’ ऐकून तिथली पुण्याहून आलेली मंडळी हसायची. हसोत बापडी! कामात तिचा हात धरणारं त्यांच्यात कुणी नव्हतं.

पण चुकली तीही. कॉम्प्युटर त्या कणाचे हजारो चौकोन करायचा, आणि आपटताना चौकोन चुरगळले की गणित मध्येच बंद पडायचं. तिचे साहेब, विद्याधर, रोज विचारायचे, “झालं का?” एका शनिवारी वैतागून तिनं कॉम्प्युटरला सांगून टाकलं, की कण पत्र्याला टेकला की सुटायचाच नाही. गणित सुरळीत चाललं. सोमवारी काढून टाकू, म्हणाली. सोमवारी पाहुणे आले, मंगळवारी दुसरंच काम निघालं, आणि राहिलं ते राहिलंच.

फेब्रुवारीत रिपोर्ट तयार झाला. पाचशे, सहाशे, सातशे मीटर सेकंदाला, तिन्ही वेगांना कण घट्ट बसलेला. विद्याधर सरांनी खुशीत सही ठोकली.

त्या रविवारी ती वडिलांचा, अप्पांचा, डबा घेऊन वर्कशॉपवर गेली. व्यंकोजींची एक खोड होती. काम हातात घेण्याआधी ते दोन तुकडे घ्यायचे, एक खरवडलेला, एक गुळगुळीत. दोन्हींवर फवारा मारून छिन्नीनं उचकटायचे. गिऱ्हाईक कावलं होतं. “चिकटलेला दाखवा की अण्णा, सुटलेला काय बघायचा?”

“गुळगुळीतावरचा सुटलाच पाहिजे,” व्यंकोजी म्हणाले. “तोही बसून राहिला, तर माझी तपासणीच खोटी.” मग सहज लेकीकडं वळून त्यांनी विचारलं, “तुझ्या कॉम्प्युटरात कुठल्या वेगाला सुटतो गं?”

हेमावती आठवून पाहू लागली. सुटणारा कण तिनं कधी बघितलाच नव्हता.

सोमवारी तिनं तीनशेचा कण लावला. एकेका गणिताला दोन दिवस लागायचे. बुधवारी पाहते तो चिकटलेला! मग पन्नासचा लावला. पन्नास म्हणजे जोरात फेकलेल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा जास्त वेग. तेवढ्यानं तांबं तांब्याला चिकटायला लागलं, तर घरोघरी भांडी एकमेकांपासून सोडवत बसावं लागेल. शुक्रवारी तोही चिकटलेला निघाला, आणि घोडं कुठं पेंड खातंय ते तिला लख्ख आठवलं.

तिनं जाऊन सरळ सांगितलं. विद्याधर सर भडकले. “बैठक मंगळवारी आहे, हेमावती! कुणाला कळणार आहे? आधी मुदतवाढ तर मिळू दे, मग दुरुस्त कर.”

“त्यावर माझं नाव आहे, सर. तुमचंही आहे.”

“आणि नोकरी?”

तिनं रिपोर्ट परत मागून घेतला. मंगळवारी सरांनी समितीपुढं सांगितलं, की दाखवण्याजोगा निष्कर्ष आज नाही. मग काय, समितीनं प्रकल्पच बंद केला. चूक लपवणाऱ्याला बढती आणि कबूल करणाऱ्याला नारळ, दुसरं काय!

कण सुटायचाच नाही ही अट काढल्याबरोबर गणित पुन्हा बंद पडू लागलं. काळाचे टप्पे आणखी बारीक करत, दिवसेंदिवस डोकं फोडत तिनं ते मार्चअखेर चालवलं. एकतीस तारखेला दुपारी तीनशेचा कण पत्र्यावर आपटला, चपटा झाला आणि अलगद परत उडाला. “उडाला! सर, उडाला!” ती टाळ्या पिटत ओरडली. जाणारे येणारे बघत राहिले, की कण सुटला तर ही पोरगी नाचते कशाला?

विद्याधर सर पडद्याकडं बघत राहिले. “आता पाचशेऐंशीचा? प्रत्यक्ष प्रयोगात तांबं त्या वेगाला बसतं.”

“लावून ठेवलाय. परवा संपेल. तुम्ही बघा.”

“आणि तू?”

“माझा पास आज पाचला संपतो, सर.”

घरी फोन आहे का, सरांनी विचारलं. नव्हता. मग फाटकापर्यंत ते तिच्याबरोबर चालत गेले. चार वर्षांत पहिल्यांदाच.

दोन दिवसांनी दुपारी हेमावती अप्पांना मदत म्हणून शाफ्ट घासत बसली होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. जयनगरच्या आपल्या शांत वस्तीपलीकडं फारसे न फिरकणारे विद्याधर सर हातातला कागद हलवत, घामाघूम होऊन, गर्दीतून वाट काढत येत होते.

“बसला, हेमावती! काठ लोण्यासारखा पसरला आणि बसला! कुणी न चिकटवता!”

तिनं कागद घेतला. नोकरी गेली त्या दिवशी ती रडली नव्हती. आता मात्र काळ्या हातांनी कागद छातीशी धरून, गिऱ्हाइकांच्या देखत, ती ढसाढसा रडली.