वाल्देमारचा दुर्मीळ आजार

वाल्देमार इरुरेताने उभी हयात पायसांदूच्या बंदरावर, कस्टमच्या नोकरीत, लोकांच्या पेट्या उचकटण्यात काढली. निवृत्त झाल्यावर उचकटायला दुसऱ्याचं काही उरलं नाही, तेव्हा त्याने स्वतःचंच शरीर तपासायला घेतलं. आणि अधिकारी इतका तरबेज, की दर महिन्याला काही ना काही चोरटा माल सापडायचाच. मार्चमध्ये यकृत सापडलं, ईस्टरच्या सुमाराला प्लीहा.

"प्लीहा कुठे असते हे तरी ठाऊक आहे का तुला?" बायकोने, ओफेलियाने, विचारलं होतं.

"डावीकडे."

"काल तर उजवीकडे दुखत होतं."

"म्हणूनच गंभीर आहे, ओफेलिया."

ओफेलिया कपडे वाळत घालायला निघून गेली.

थंडी सुरू झाली तशी वाल्देमारच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झिणझिणू लागलं. आता मात्र तो हरखला. यकृत काय, कोणालाही असतं. पण झिणझिणणारी करंगळी! तो संगणकासमोर बसला तो जेवायलाच उठायचा, आणि तेही हाक मारून मारून ओफेलियाचा घसा बसल्यावर. अखेर त्याला हवा तो आजार मिळाला. नाव असं लांबलचक, की एका दमात म्हणता येऊ नये. जगात फार थोड्या लोकांना होणारा. त्या थोडक्यांत आपली वर्णी लागली, या विचाराने त्याची छाती दोन बोटं फुगली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याने सगळं छापून आणलं, रंगीत आकृत्यांसकट, आणि फाईल केली.

दवाखान्यात फाईल अर्थातच ओफेलियाने उचलली. आजारी माणसाने ओझं उचलू नये, असं फाईलमध्येच लिहिलेलं होतं. शिवाय वाल्देमारचे हात मोकळे नव्हते. पायसांदूतल्या कुठल्याही भल्या माणसासारखा त्याने डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मास दाबला होता, त्याच हातात येर्बाच्या पाल्याचा कडू चहा भरलेली वाळक्या भोपळ्याची वाटी होती, आणि वाटीतली नळी अधूनमधून तोंडात. दवाखान्याचा जिना चढताना ओफेलिया मध्येच कठड्याला धरून थांबली.

"चल ना, नंबर जाईल," तो वरून म्हणाला. "मला चढवतंय, तुला काय झालं?"

डॉक्टर यानेला बेंतांकोर त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या. फाईल टेबलावर आदळली तशी त्यांनी ती एकदा बघितली, मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग हसून म्हणाल्या, "वाल्देमार, मागच्या वेळेपेक्षा जाड झालीय. तुम्ही मात्र आहात तसेच आहात."

"यावेळी चेष्टा नको, डॉक्टरबाई. निदान मी केलंय. तुम्ही फक्त सही करा."

"अरे वा! मग मी चहा पिऊन येते."

पण त्या गेल्या नाहीत. त्यांनी खरोखर ऐकलं. चांगली दहा-बारा पानं ऐकली. मग त्याची बोटं दाबून पाहिली, कोपराच्या आतल्या बाजूला टिचकी मारली, तसा तो "आई गं!" करून ओरडला.

"हा थर्मास दिवसभर असाच धरता?"

"मग काय डोक्यावर धरू?"

"कोपर असं दुमडून तासन् तास ठेवलंत, की तिथून जाणारी नस दबते. तीच या दोन बोटांत जाते. वर संगणकापुढे बसून तेच कोपर टेबलावर टेकवत असाल."

"टेकवतो," ओफेलिया म्हणाली. "टेबलाचा रंग गेलाय तिथला."

"तर आजपासून थर्मास खाली ठेवायचा. काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर पुढची तपासणी करू."

वाल्देमारचा चेहरा असा उतरला, की मरणाची तारीख सांगितली असती तर इतका उतरला नसता. एवढा मेहनतीने शोधलेला आजार, आणि निघाला काय तर थर्मास! आता काहीतरी लढवायलाच हवं होतं. बाईंनी त्याचा रक्तदाब घेतला, तो अगदी पोरासारखा निघाला. त्याने तेच धरलं.

"यंत्र बिघडलंय तुमचं. ही यंत्रं कशी फसवतात त्यावर माझ्याकडे अख्खं प्रकरण आहे. ओफेलिया, ते पिवळं पान काढ."

"पान राहू द्या," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोणावर लावून बघू. ओफेलिया, द्या बरं हात इकडे."

ओफेलियाने फाईल मांडीवरून खाली ठेवली आणि बाही वर केली. यंत्र गुरगुरलं. बाईंनी आकडा पाहिला आणि पट्टा दुसऱ्या हाताला बांधला. मग तिला शांत बसवून ठेवलं आणि पुन्हा लावला. वरचा आकडा एकशे नव्वदच्या खाली यायला तयार नव्हता.

"बघा! बिघडलंय!" वाल्देमार विजयाने म्हणाला.

"वाल्देमार," बाई म्हणाल्या, "जरा गप्प बसा."

मग त्यांनी खुर्ची ओफेलियाकडे वळवली. डोकं दुखतं का? दुखतं, मागच्या बाजूला, सकाळी उठल्यावर. दम लागतो? जिन्यावर लागतो. कधीपासून? उन्हाळ्यापासून असेल.

"आणि इतके महिने कोणालाच सांगितलं नाहीत?"

"सांगणार कुणाला, डॉक्टरबाई? आमच्या घरात आजाऱ्याची जागा भरलेली आहे."

वाल्देमार बोलायला गेला, पण तोंडात नळी होती. त्याने ती बाहेर काढली, वाटी टेबलावर ठेवली आणि थर्मास काखेतून काढून खाली ठेवला.

ओफेलियाला त्याच दिवशी दाखल करून घेतलं, हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. थोडक्यात निभावलं, वेळेवर कळलं, म्हणून औषधावर भागणार होतं. संध्याकाळी वाल्देमार तिच्या खाटेशी बसला होता. बराच वेळ तिचा हात धरून होता, आणि ओफेलियाला ते आवडलंही होतं. मग तिच्या लक्षात आलं, की तो हळूच नाडी मोजतोय.

"सोड," ती म्हणाली.

"भीती वाटली गं," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता, की तिने हात पुन्हा त्याच्याकडे सरकवला. "मोज," ती म्हणाली, "पण मोठ्याने मोजू नकोस."

आठवडाभरात गावात बातमी पसरली, की इरुरेताच्या अभ्यासाने त्याच्या बायकोचा जीव वाचला. बातमी कोणी पसरवली, ते सांगायला नको. चहाच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, झेरॉक्सवाल्याकडे, सगळीकडे तो तीच हकिगत सांगे: डॉक्टर मानायलाच तयार नव्हत्या, पण मी यंत्राला आव्हान दिलं! ओफेलिया शेजारी उभी राहून ऐकायची. खोटं म्हणावं तर त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हाच तर वैताग.

आता घरात मीठ बंद आहे. वाल्देमारने त्यावर तीन निरनिराळ्या देशांतले लेख वाचलेत. रविवारी अंगणातल्या शेगडीवर तो स्वतः मांस भाजतो, बिनमिठाचं, आणि आग्रह करकरून वाढतो. पहिल्या रविवारी दीर आला, दुसऱ्या रविवारी त्याचं पोट बिघडलं असल्याचा निरोप आला. आणि ओफेलियाला शुक्रवारी दवाखान्यात जायचं असलं, की ती त्याला वार शनिवार सांगते.