उत्तरापुरती जागा

गोराईच्या बोटीत शेजारी बसलेल्या एक मावशी मोबाइलवर रुग्णसेवेचा ऑनलाइन कोर्स ऐकत होत्या. धडा मीच लिहिलेला होता. प्रत्येक प्रश्नानंतर मी थोडी शांतता ठेवली होती. "फुकटची गॅप" म्हणून ऑफिसवाले ती उद्या कापणार होते.

मावशी पदराला बोट पुसून आवाज वाढवायच्या. प्रश्न आला, की डोळे मिटून मोठ्यानं उत्तर द्यायच्या.

"शिकवणारी बाई चांगली आहे गं," त्या मला म्हणाल्या. "विचारते आणि थांबते. घरात सगळे विचारतात, पण उत्तराला थांबतंय कोण?"

त्या वाक्याच्या जोरावर मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात भांडले. गॅप राहिली. अजूनही धडा लिहिताना प्रश्न संपला की मी थांबते. मावशींचं उत्तर होऊ देते.