दिवुलगलची भिंत

दिवुलगलच्या गुहाविहारात निजलेल्या बुद्धाच्या मागे जी भिंत होती, ती सिरिसोमच्या खापरपणजोबानं रंगवली होती. गावात त्यांच्या घराला अजून सित्तरांचं घर म्हणतात, म्हणजे चिताऱ्यांचं. नाव तेवढं उरलं होतं, काम कधीच संपलं होतं. सिरिसोमचा बाप वेसाकच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, कमानींवर नक्षी काढून दिवस भागवत असे. सिरिसोम स्वतः तरुणपणी बारा वर्षं अनुराधपुराला आणि पोळोन्नरुवला जुन्या वास्तूंच्या डागडुजीवर होता. पडक्या भिंतीवरच्या गिलाव्याच्या कडा चुन्यानं भरायच्या, कापसाच्या बोळ्यानं धूळ टिपायची, आणि साहेब म्हणतील तिथं हात आवरायचा. तिथं तो एक गोष्ट पक्की शिकला. जुन्या भिंतीला श्वास लागतो. तिचं नाक दाबलं की ती जाते.

बाप अंथरुणाला खिळला तेव्हा तो गावी परतला तो कायमचाच. यसवतीशी लग्न झालं, मूल झालं नाही. परसात मिरीचे वेल होते, त्यांवर दोघांचं चाले. दर पोयाला, म्हणजे पौर्णिमेला, सकाळी पांढरे कपडे घालून तो दोनशे बारा पायऱ्या चढे. बाकीचे फुलं घेऊन जात, हा कापूस घेऊन जाई. विहाराचे म्हातारे थोरले हामुदुरुवो, म्हणजे भिक्खू, त्याला बघून नुसते हसत आणि गाभाऱ्याची किल्ली पुढे करत.

भिंतीवर एका राजपुत्राची आणि त्याच्या राणीची गोष्ट होती. त्यानं हत्ती दिला, रथ दिला, आणि शेवटी मागायला आलेल्या एका म्हाताऱ्याला स्वतःची दोन मुलंही देऊन टाकली. लाल रंग ओढ्यातल्या गेरूचा, काळा दिव्याच्या काजळीचा, आणि पिवळा गोकटूच्या चिकाचा. गोकटू आपल्या रातांब्याच्या जातीचं झाड, पलीकडच्या रानात मोप होतं. ते रान राखीव झालं तेव्हापासून तिथला पाला तोडायचीही बंदी आहे. म्हणजे रंग तिकडे कुलपात आणि भिंत इकडे उघडी.

उघडीच म्हणायची. गुहेच्या कपाळावर पाणी बाहेर गळावं म्हणून जुन्या लोकांनी खडकात पागोळीची खाच कोरली होती. ती एका जागी फुटली आणि ओल आत उतरू लागली. सिरिसोमनं कोलंबोच्या कचेरीत अर्ज केला. नऊ वर्षांत तीन अर्ज केले. पहिल्या अर्जावर एक साहेब आले, शहाळं प्यायले, भिंत बघितली.

"किती जुनी असेल मामा?"

"दोनशे वर्षांची, साहेब."

साहेब हसले. "अहो, आमच्याकडे दोन हजार वर्षांच्या विटा उन्हापावसात पडल्यात. तुमची भिंत अजून बाळ आहे. थांबू दे तिला जरा."

सिगिरीला जाणाऱ्या पाहुण्यांच्या बसगाड्या खालच्या रस्त्यावरून रोज जात. दिवुलगलला एकही थांबत नसे.

मग थोरले हामुदुरुवो वारले आणि नंदसार हामुदुरुवो आले. वय चौतिशीचं, माणूस सोन्यासारखा. त्यांनी वर नळ आणला, रविवारची शाळा सुरू केली, फुटलेली पागोळी सिमेंटनं सांधून घेतली. त्यांच्याविषयी वाईट बोलेल त्याची जीभ झडो. कुरुणेगलच्या एका व्यापाऱ्याला मेलेल्या आईच्या नावानं पुण्य करायचं होतं. हामुदुरुवोंनी त्याला भिंत दाखवली. नवा रंग, सगळी भिंत, एका वर्षात.

धर्मशाळेत गाव जमलं. सिरिसोम उठून उभा राहिला.

"हामुदुरुवो, त्या भिंतीवर ऑइलपेंट चढवू नका. दगडातली ओल बाहेर यायची वाट बंद होते. दोन पावसाळ्यांत सगळं खाली येईल."

"दुकानदार तर पंधरा वर्षांची हमी देतो, मामा."

"तो दुकानात बसतो. भिंत इथं आहे."

मागून डिंगिरी अम्मा बोलली. ऐंशीची म्हातारी, पण तोंड विशीतलं. "सोम, उंदरानं कुरतडलेल्या लुगड्यासारखी झालीय ती भिंत. राजपुत्र कुठला नि हत्ती कुठला, काही कळत नाही."

"कुरतडलेलं नाही अम्मा, जुनं आहे ते."

"जुनी तर मीही आहे रे! म्हणून पोयाला मी न धुतलेलं नेसून येते का?"

धर्मशाळा हसली. सिरिसोमलाही हसू आलं आणि तिथंच तो हरला. हामुदुरुवो हळू आवाजात म्हणाले, "मामा, हे वस्तुसंग्रहालय नाही. इथं माणसं हात जोडतात. ज्याच्यापुढे हात जोडायचे ते त्यांना दिसायला नको?" ते खरंच होतं.

मातलेहून रंजित नावाचा रंगारी आला. बसगाड्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर त्याचा हात बसलेला. तिसऱ्या दिवशी सिरिसोम वर गेला. राणी तयार झाली होती. गाल गुलाबी, ओठ ओले, डोळ्यांत सिनेमाच्या नटीचं पाणी.

"या मामा," रंजित आनंदानं म्हणाला. "कशी वाटते? बिचारी बाजूनं बघत होती, एकच डोळा होता. दुसरा मी दिला. नाकही सुधारलं."

सिरिसोम तसाच हामुदुरुवोंच्या खोलीपाशी गेला, गुडघे टेकून नमस्कार केला आणि म्हणाला, "त्याला पाठवून द्या. मी करतो."

यसवतीनं ऐकलं तेव्हा तिच्या हातातला नारळ खोवणीवरच थांबला. "अहो, विष आहे ते म्हणून गावभर ओरडत कोण होतं?"

"विषच आहे."

"मग?"

"मरणाऱ्याच्या तोंडात निदान घरच्यानं पाणी घालावं. रेघा तरी त्याच राहतील."

एकाहत्तराव्या वर्षी तो परांचीवर चढला. चार महिने काम चाललं. ऑइलपेंट त्याच्या जुन्या कुंचल्यांना मानवेना. खारीच्या केसांचा कुंचला पहिल्याच दिवशी चिकटून वाया गेला, मग दुकानातले आणले. तीस वर्षं तो ती भिंत टिपत होता, पण इतक्या जवळून, बोटाच्या पेरापेरानं, त्यानं ती कधी वाचली नव्हती. बापाला सोडून जाणाऱ्या धाकट्या मुलाच्या हाताला सहा बोटं होती. खापरपणजोबाची चूक की त्याच्या ओळखीतला कुणी सहा बोटांचा पोर, कोण सांगणार? सिरिसोमला इतकं बरं वाटलं की तो परांचीवर बसून राहिला. मेलेला माणूस भेटल्यासारखं झालं. त्यानं सहाच्या सहा बोटं गिरवली.

हामुदुरुवो बघायला आले. "मामा, हे एक बोट जास्त झालंय."

"मुळात तसंच आहे, हामुदुरुवो."

"असेल. पण पोरं हसतील. पाच करा."

राणीचं नाक त्यानं परत मिळवलं होतं, दुसरा डोळा पुसला होता, हत्तीच्या सोंडेसाठी भांडला होता. त्या दिवशी मात्र त्याच्यात भांडण उरलं नव्हतं. त्यानं सहाव्या बोटावर मागचा लाल रंग चढवला. दोन फटकाऱ्यांचं काम.

पोयाला गाव लोटलं. दिव्यांच्या उजेडात भिंत लखलखत होती. डिंगिरी अम्मा त्याचा हात धरून रडली. "मरायच्या आधी दिसला रे मला राजपुत्र. तुला पुण्य लागो." तिचं रडणं खोटं नव्हतं. घरी येऊन सिरिसोमनं जेवणाचं पान तसंच बाजूला सारलं.

पहिला पावसाळा निभला. दुसऱ्या वर्षी ईशान्येचा पाऊस बसला तो सतरा दिवस उठला नाही. पागोळी नीट होती, पाणी आत आलं नाही, पण डोंगर ओला झाला आणि डोंगराची ओल भिंतीत आली. रंगाला आधी पुरळासारखे फोड आले. मग एका सकाळी हत्ती पडला. नुसता रंग पडला असता तर काय हवं होतं! रंगानं खालचा गिलावा धरून ठेवला होता, तोच घेऊन तो उतरला. सिरिसोमनं एक खपली उचलली. पुढून चकचकीत, मागून दोनशे वर्षांची माती, तिच्यात भाताचा पेंढा. महिन्याभरात मुलं गेली, राणी गेली, मागणारा म्हाताराही गेला.

नंदसार हामुदुरुवो उंबऱ्यावर उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. "मामा, तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलं मी आणि केलंही मीच," सिरिसोम म्हणाला.

मूर्तीच्या अंगावर काही पडू नये म्हणून उरलंसुरलं खरवडून काढावं लागलं. तेही त्यानंच केलं.

मग कोलंबोहून एक तरुण बाई आल्या. हातात त्याचा तिसरा अर्ज. कचेरीत नवीन होत्या, कपाटातले जुने कागद त्यांनी वाचून काढले होते. पायऱ्या चढताना त्यांनी त्याला उत्साहानं सांगितलं की आता खेड्यांतल्या चित्रांचीही यादी होतेय. वर पोचल्यावर त्यांनी खरवडलेल्या खडकावरून हात फिरवला.

"कोणी रंगवलं होतं यावर?"

"मी."

त्यांनी मान वर केली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "फोटो आहेत का, मामा?"

"आपल्या घरच्या भिंतीचे फोटो कोण काढतं, बाई?"

"मग तुम्ही काढून दाखवा. तुमच्याइतकी ती कुणी बघितलेली नाही. साधं रेखाटन चालेल." त्यांनी आपली वही दिली, पेन्सिल दिली.

सिरिसोम ओसरीवर बसला. हात सराईतासारखा चालला. राजपुत्र आला, मुलं आली, झाडं आली. बाई वाकून बघत होत्या, त्यांचा चेहरा उजळत चालला होता. अर्ध्या तासानं तो थांबला. राणीचा चेहरा त्यानं पुसला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. कागद झिजून पातळ झाला.

"काय झालं?"

"ही ती नाही. ही मी रंगवलेली आहे. ऑइलपेंटातली."

"जशी आठवते तशी काढा ना."

"हीच आठवते, बाई. हिच्याखालची दिसत नाही." तो डोळे मिटून बसला. "चार महिने मी हीच गिरवली. पहिली पुसली गेली."

बाईंनी बरीच समजूत घातली. म्हणाल्या, दोन दिवस विश्रांती घ्या, आठवेल. तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. वहीची तीन पानं भरली होती आणि तिन्ही त्यानं आडवी रेघ मारून खोडली होती. त्यांनी अहवाल लिहिला. जतन करण्याजोगं काही शिल्लक नाही. खाली गावातल्या एका जाणकाराची सही हवी होती. जाणकार दुसरा कोण होता? त्यानं सही केली.

त्यानंतर तो चार वर्षं जगला. मिरी तोडायचा, वाळवायचा, बोलायचा कमी. भिंतीला पांढरा चुना लावलाय, तोही बरा दिसतो, असं यसवती सांगायची. पोयाला ती एकटीच पायऱ्या चढे.

"येता का हो?" ती दर वेळी दारातून विचारी.

"तू जाऊन ये," तो म्हणे.