पावडरबाईंची रेघ

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मॉडेलिंग करतात, तेही पावडरचं, ही बातमी तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी जिना चढता चढता घरोघर पोचवली. बाई पन्नाशीच्या, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, पायात दोन रंगांचे मोजे. तोंडाला पावडर लावलेली तर कुणी कधी पाहिली नव्हती. तरी शेजारणी त्यांना निरखून बघू लागल्या. शेवटी समोरच्या वहिनींनी दारातच गाठलं, तेव्हा खुलासा झाला. मॉडेल गणिताचं. पावडर पोटात घ्यायची, पुडीतली. ती घेतल्यावर आतड्यातले चांगले जंतू किती वाढतात, किती टिकतात, आणि त्यांच्या जोरावर रोगप्रतिकारशक्ती किती सुधारते, याची समीकरणं बाई मांडतात. वहिनींचा फारच विरस झाला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच, पावडरबाई.

बाईंना ते आवडलं. एरवी हाक मारणारं होतं कोण? एक भाऊ, तोही वर्षाकाठी यायचा आणि चहा निवायच्या आत उठायचा. ऑफिसात मात्र बाई अनेकवचनात बोलायच्या. आमच्याकडे सकाळी नुसती धांदल असते, आमच्याकडे भाजी कधी उरत नाही. लोकांना वाटे, घर माणसांनी गजबजलेलं आहे. बाईंनी तो समज जपून ठेवला होता.

पुडीच्या चाचणीला माणसं कमी पडली तेव्हा बाईंनी स्वतःही पुड्या घेतल्या. जंतू मोजायला घेतलेल्या नमुन्यांवर नावं नसत, नुसते क्रमांक. समीकरणात एक अक्षर होतं घरातल्या देवाणघेवाणीचं. एकाच टॉवेलाला हात पुसणारी माणसं एकमेकांना जंतूही देतात, तेव्हा घरात माणसं किती ते बघून बाई त्या अक्षराची किंमत भरत. स्वतःच्या ओळीशी थबकल्या. आपल्या कपाला दुसऱ्या कुणाचे ओठ कधी लागले होते, ते आठवून पाहिलं. मग शून्य टाकलं.

पुड्या थांबल्यावर आलेखातल्या बाकीच्यांच्या रेघा सावकाश उतरल्या. एक तेवढी धपकन खाली आली आणि तळाशी बसून राहिली. समीकरणाचं भाकीतही तेच होतं.

बैठकीत साहेबांनी पडद्यावरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. साहेब वयानं लहान, मनानं वाईट नव्हेत. हा कोण पठ्ठ्या पुड्या कुंडीत ओतत होता, म्हणाले, आणि सगळे हसले. बाईही हसल्या. एकापायी सगळं चित्र बिघडतंय, चूक समजून काढून टाका, असं साहेबांनी सांगितलं.

काढली तर पुडी सगळ्यांनाच सारखी लागू पडते असं छापून जाणार, आणि एकट्यादुकट्यांना कुणी खरं सांगणारच नाही. ठेवायची तर कारण द्यावं लागणार, आणि ते गजबजलेलं घर सगळ्यांदेखत रिकामं करावं लागणार.

साहेबांचं बोट अजून तिथंच होतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"ती चूक नाही साहेब, ती मी आहे. पुडी एकही चुकवली नाही. घरात दुसरं माणूस नाही म्हणून रेघ तशी. आता माझ्यावरचं बोट काढा."